घर, शंभर टक्के चालू

साहेबांनी यंत्रांची छापील यादी माझ्यासमोर ठेवली, पहिल्याच ओळीवर पेन टेकवलं आणि विचारलं, “हे ‘घर’ म्हणजे कुठली शाखा हो?” मी म्हटलं, शाखा नाही, चाचणीसाठी जोडलं होतं. तोंडातून खोटं किती सहज निघतं हल्ली! साहेबांना त्यात काही वावगं वाटलं नाही. “मग काढून टाका, अशी आणखी बिनकामाची असतील तीही. सॉफ्टवेअर हजार यंत्रांपुरतं घेतलंय, हजार भरली. सोमवारी दोन नव्या शाखा जोडायच्यात. आज संध्याकाळपर्यंत जागा करा.” जाता जाता त्यांनी पुन्हा यादीकडे पाहिलं आणि हसले. “पण चाललंय मात्र झकास. तीस दिवसांत एकदाही बंद नाही. आपली मुख्य कचेरीसुद्धा त्याच्या खाली आहे!” माणूस वाईट नाही. त्यांना माहीत असायचं काही कारण नव्हतं. पलीकडच्या टेबलावरच्याला माहीत होतं. त्याला आम्ही सगळे ‘टक्के’ म्हणतो, कारण बायको किती रागावली तेही तो शेकड्यात सांगतो. त्याने मान खाली घातली आणि उगाचच कीबोर्ड बडवायला लागला. मी यादी बघत बसले. घर, शंभर टक्के चालू.  ते घर कुलूपबंद आहे आणि बाबांना जाऊन महिना होऊन गेलाय.

माझं काम म्हणजे यंत्रं चालू आहेत का ते दिवसभर बघत राहणं. दोनशे शाखांमधली हजार यंत्रं. सॉफ्टवेअर दर पाच मिनिटांनी त्यांतल्या प्रत्येकाला हाक मारतं. ओ दिली की हिरवा ठिपका, नाही दिली की लाल. कोण किती वेळ चालू होतं, किती वेळ बंद होतं, कुणावर किती ताण पडला, याचे आलेख काढतं. ऐकायला भारी वाटतं, पण यात भारी काही नाही. लाल दिसलं की धावायचं, हिरवं दिसलं की दुसरीकडे वळायचं, एवढंच मी अठरा वर्षांत शिकले. हिरव्याकडे कोण बघत बसतंय? आणि रेघ जितकी सरळ तितकं आमचं कौतुक. वर्षाच्या शेवटी साहेब लोक सरळ रेघा भिंतीवर दाखवतात आणि टाळ्या वाजवतात, त्यात मीही वाजवते.

आई गेल्यावर बाबा एकटे झाले. माझ्याकडे यायला तयार नव्हते, धाकट्या भावाकडे तर नाहीच, तो नऊ तासांवर राहतो आणि तिसऱ्या मजल्यावर. तेव्हा ऑफिसात भंगारात निघालेला एक राउटर मी त्यांच्याकडे नेऊन लावला, त्यांच्या फोनला इंटरनेट मिळावं म्हणून. आणि इकडे येऊन आमच्या यादीत गुपचूप एक ओळ वाढवली. शाखांना आम्ही आकड्यांची नावं देतो. इथे काय आकडा देणार? मी ‘घर’ लिहिलं. बाबांनी त्या डब्याकडे बघून पहिला प्रश्न विचारला, “रात्री हा कुणासाठी जागा राहणार?” त्यांनी जन्मभर पाणीपुरवठ्याचे पंप चालवले होते. गरज संपली की यंत्र बंद, हा त्यांचा कायदा. मी समजावलं, की बाबा, याला सारखं बंद-चालू केलं की बिघडतो, राहू दे चालू. ते “बरं, बरं” म्हणाले आणि त्याच रात्री दहाच्या सुमारास भिंतीवरचं बटण खटकन बंद करून झोपले. सकाळी सव्वापाचला उठले, बटण चालू. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी तेच. माझ्या पडद्यावर घराचा आलेख फणीसारखा दिसायला लागला, एक दात, एक फट, एक दात, एक फट. रोज रात्री माझा फोन ओरडायचा, ‘घर बंद’. रोज पहाटे ओरडायचा, ‘घर चालू’. आठवड्याभरात मी त्या एका ओळीपुरतं ओरडणं बंद केलं आणि नुसता आलेख ठेवला. भांडण मात्र चालूच राहिलं. “बाबा, तुमच्यामुळे माझी सरासरी बिघडते.” “मग तुझी सरासरी तू सांभाळ. माझ्या घरात दिवा विझला की सगळं विझतं.” असा हट्टी माणूस! मी फणकारून फोन ठेवायची आणि मग एकटीच हसायची.

हसायची, कारण हळूहळू मला त्या फटींची गोडी लागली होती. नऊ वाजता खुर्चीत बसलं की आधी ‘घर’ उघडायचं. पाच वीसला रेघ वर आलेली दिसली की जिवात जीव यायचा. उठले. एखाद्या दिवशी पाच पन्नास दिसायचे, म्हणजे रात्री खोकला झाला असणार. एकदा साडेअकरापर्यंत बंद झालं नाही, तेव्हा मी सकाळी विचारलं, की काल उशिरा झोपलात?  बाबा म्हणाले, “तुला तिथून दिसतं?” मी मोठ्या तोऱ्यात सांगितलं, “मला इथून सगळं दिसतं. तुम्ही कधी उठता, कधी झोपता, सगळं.” त्यांना ते फार आवडलं. शेजारच्या काकूंना सांगत सुटले, की आमची लेक तिकडे बसून माझ्यावर लक्ष ठेवते, मला काही झालं की तिला आधी कळेल. काकूंनी मला हे अगदी कौतुकाने सांगितलं होतं. तेव्हा मीही सुखावले होते, खोटं कशाला बोलू?

आणि मग फोन कमी झाले. ठरवून नाही. पूर्वी रोज सकाळी करत होते, कारण जीव टांगणीला असायचा. आता आलेख बघितला की मन शांत, आणि मन शांत झालं की हातातलं काम पुढे येतं. रोजचा फोन दोन दिवसांनी, दोन दिवसांचा आठवड्याने. शनिवार-रविवारी जायचं, तेही पंधरा दिवसांवर गेलं. बसने पाऊण तास लागतो मला त्यांच्याकडे जायला, पाऊण तास! धाकटा विचारायचा, “ताई, बाबा कसे आहेत?” मी म्हणायची, “हिरवे आहेत.” आमचा विनोदच झाला होता तो. तोही मग बाबांना फोन करायच्या ऐवजी मलाच करायचा. “हिरवे ना?” “हिरवे.” संपलं. दोन मुलांनी मिळून एका माणसाचा ठिपका करून टाकला, आणि त्याचं आम्हाला हसू यायचं. बाबा पंपावर होते तेव्हा दर तासाला काटा बघून वहीत दाब लिहायचे, पण लिहिण्याआधी पंपाच्या अंगावर तळवा ठेवून बघायचे. मी लहानपणी डबा घेऊन जायची, तेव्हा मलाही ठेवायला लावायचे. “काटा अडकतो कधीकधी,” म्हणायचे. मला तेव्हा तळवा गरम होण्याचीच मजा वाटायची.

त्या मंगळवारी मी नऊला आले, पाण्याची बाटली टेबलावर ठेवली, ‘घर’ उघडलं. फट नव्हती. सोमवारची संध्याकाळ, रात्र, मंगळवारची पहाट, एकच सरळ रेघ. मी क्षणभर नीट बघितलं, आणि मग मला इतका आनंद झाला म्हणून सांगू! मी खुर्ची फिरवून टक्केला म्हटलं, “अहो, आमच्या बाबांनी शेवटी ऐकलं. रात्रभर चालू ठेवला राउटर. तीन वर्षं तोंड वाजवलं तेव्हा कुठे!” टक्के म्हणाला, “अभिनंदन, शंभर टक्के.” आम्ही दोघं हसलो. मी खरंच हसले, मोठ्याने हसले. फोन करून शाबासकी द्यावी असं मनात आलं होतं, फोन हातात घेतलाही होता. तेवढ्यात कुठल्याशा शाखेचा ठिपका लाल झाला. कुठली शाखा, ते आज आठवतही नाही. बुधवारी सकाळी पुन्हा सरळ रेघ. मी मनात म्हटलं, वा, सवय लागली. बुधवारी दुपारी काकूंचा फोन आला, की बाबा दार उघडत नाहीत, कालपासून पेपर बाहेरच पडलेत, तू लगेच ये. बसमधून मी फोनवर काकूंना समजावत होते, की घाबरू नका, राउटर चालू आहे. असं म्हणाले मी! माणूस दार उघडत नाही आणि मी सांगतेय, की राउटर चालू आहे.

बाबा मधल्या पॅसेजमध्ये पडले होते, बटणापासून चार पावलांवर. फोन निसटून शेजारच्या कॉटखाली गेला होता, बॅटरी संपून बंद पडलेला. डॉक्टर बाई माझ्याहून वयाने लहान होत्या, चष्मा पुसत बोलत होत्या. सोमवारी रात्री पडले असावेत, खुब्याचं हाड मोडलं होतं. “लगेच गेले का हो?” असं मी विचारलं.  “नाही,” त्या म्हणाल्या, “माझा अंदाज, मंगळवारी दुपारपर्यंत तरी होते.” मी मान डोलावली, जणू कुणी मला बसची वेळ सांगत होतं. हे त्यांनी फक्त मला सांगितलं. धाकटा तेव्हा गाडीत होता, अर्ध्या वाटेवर.

मंगळवारी दुपारपर्यंत. म्हणजे मी नऊला हसले तेव्हा ते होते. मी डबा खाल्ला तेव्हा ते होते. मला वेड लागायची पाळी येते ती याच्याही पुढच्या गोष्टीने. त्यांना माहीत होतं, की मला दिसतं. चार पावलांवर तो राउटर, त्याचा हिरवा दिवा त्यांना जमिनीवरून दिसत असणार. बटण बंद करायचं राहिलंय, हे त्यांना कळत होतं. रात्रभर त्यांनी म्हटलं असणार, की तिच्या लक्षात येईल. सकाळी नऊला बसते ती. आज बंद नाही झाला, म्हणजे काहीतरी बिनसलंय, हे पोरीला कळेल. त्यांनी नऊ वाजण्याची वाट बघितली असेल. आणि पोरीने बघितलं. नजरचूक झाली असं म्हणायलाही जागा नाही. अगदी नीट बघितलं, आणि खुर्ची फिरवून टाळी मागितली.

धाकटा आला तो दारातच कोसळला. “कधी झालं? त्रास झाला का? तू कधी बोलली होतीस शेवटचं?” माझे दोन्ही खांदे धरून विचारत होता. मी शेवटचं कधी बोलले होते? अकरा दिवसांपूर्वी, चार मिनिटं, त्यांच्या चष्म्याच्या काचेबद्दल. मी म्हटलं, “मंगळवारी सकाळी बोलले ना मी. चांगले ठणठणीत होते. तुझी चौकशी करत होते.” कुणी विचारलं होतं एवढं सगळं सांगायला? पण त्याचा चेहरा असा सैल पडला, इतका मोकळा झाला, की मी पुढेही बोलत गेले. “बुधवारी पहाटे झालं असणार. एका क्षणात. कळलंही नसेल त्यांना.” तो माझ्या गळ्यात पडून रडला. नंतर येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला तेच सांगत होता, आदल्या दिवशी ताईशी बोलले, ठणठणीत होते, माझी चौकशी करत होते. मी शेजारी बसून ऐकत होते. घराला कुलूप लावताना त्याने फ्रीज बंद केला, पंखे बंद केले आणि राउटरच्या बटणाकडे हात नेला. मी म्हटलं, “राहू दे.” त्याने कारण विचारलं नाही.

म्हणून तो अजून चालू आहे. रिकाम्या घरात, दर पाच मिनिटांनी, हाकेला ओ देतोय. आज साहेबांनी काढायला सांगितलं, आणि ओळ काढली की तिच्याबरोबर तीन वर्षांचे आलेख जातात, परत मिळत नाहीत. त्यात बाबांच्या हजारभर पहाटा आहेत. कुठे फोटो नाही, कुठे आवाज नाही, पण पाच वीस आहेत, पाच पन्नास आहेत, त्यांच्या खोकल्याच्या रात्री आहेत. आणि त्यातच ती सरळ रेघ आहे. कुणी शहाणा माणूस बघेल तर एका नजरेत सांगेल, की हा माणूस सोमवारी रात्री दहाच्या आधी पडला, मंगळवारी सकाळी हिच्याशी काय बोलणार? ओळ काढली तर माझं खोटं कायमचं पक्कं होतं. मला त्याचीच किळस आली. महिनाभर मला नीट जेवण जात नाही, नवरा काही विचारायला गेला तर अंगावर जाते. वाटलं, बास. काढायच्या आधी धाकट्याला सांगायचं. आलेख त्याला पाठवायचा, सगळं कबूल करायचं. शिव्या घालेल, तोंड बघणार नाही, पण निदान एका माणसाला तरी खरं माहीत असेल.

जेवणाची सुट्टी झाली, सगळे खाली गेले. टक्के जाताना घुटमळला, “डबा आणून देऊ का वर?” मी नको म्हटलं. पडद्यावर त्या आठवड्याचा आलेख उघडा ठेवला आणि धाकट्याला फोन लावला. पहिल्याच घंटीला त्याने उचलला. पूर्वी तो कधी असा उचलायचा नाही. मी म्हटलं, “मला तुला काहीतरी सांगायचंय.” तो म्हणाला, “ताई, आधी मी सांगू? नाहीतर पुन्हा धीर व्हायचा नाही.”  “बाबांनी मला फोन केला होता. सोमवारी रात्री. नऊ अठ्ठेचाळीसला. मग पुन्हा नऊ एक्कावन्नला. मी जेवत होतो, फोन समोरच होता. मी बघितलं, बाबा. म्हटलं, रविवारी निवांत करू. उलटा घातला गं मी फोन. उलटा करून ठेवला.”

मी पडद्याकडे बघत होते. सोमवार, नऊ अठ्ठेचाळीस. रेघ सरळ होती. मला वाटत होतं, की ते माझ्या एकटीची वाट बघत पडले होते.

“कुणाला बोललो नाही मी,” धाकटा सांगत होता. “हिलाही काल सांगितलं. ती म्हणाली, ताईंशी बोला. ताई, मी वेडा झालो असतो गं. तू म्हणालीस ना, मंगळवारी सकाळी बोलले, त्याच्यावर मी उभा आहे. म्हणजे सोमवारी सहजच केला असणार ना? काही झालं असतं तर सकाळी तुझ्याशी कसे बोलले असते? हो की नाही? तू सांग.”

काय काय सांगायला बसले होते मी! सगळं तोंडाशी आलं होतं. माझ्या मनावरचं ओझं उतरवायला मी निघाले होते, आणि ते उतरवायला एकच जागा होती, त्याची मान. तो लहान असताना अंधाराला भ्यायचा, तेव्हा मी त्याला सांगायची, की दाराबाहेर बाबा बसलेत, झोप. बाबा तेव्हा पंपावर असायचे. तो झोपायचा.

“सहजच केला असणार,” मी म्हटलं.  “मला म्हणालेसुद्धा, की काल धाकट्याला फोन लावला, जेवत असेल. तक्रार नव्हती.”

“म्हणाले असं?” तो रडत होता की हसत होता, कळेना. “खरंच म्हणाले?” आणि मग नाक ओढत म्हणाला, “ताई, तुझ्याकडे तो घरचा आलेख असेल ना? मला मंगळवारचा पाठव ना. सकाळी उठून त्यांनी बटण चालू केलं असेल, ते बघायचंय मला. एकदाच. मग झोप लागेल.”

मी माउसवर हात ठेवला. यादीतली ओळ निवडली, ‘काढा’ दाबलं. सॉफ्टवेअरने विचारलं, की नक्की का, जुनी सगळी माहिती पुसली जाईल. हजार पहाटा. मी ‘हो’ दाबलं. पडदा अर्धा सेकंद थांबला आणि यादी एका ओळीने वर सरकली.

“नाही रे राजा,” मी म्हटलं, “काढावा लागला. नव्या शाखांना जागा नव्हती.”

“बरं,” तो म्हणाला. “असू दे.” मग अगदी लहान आवाजात, “मग तू सांग ना. काय काय बोललात ते. पहिल्यापासून सांग. मला घाई नाही.”

खाली जेवणाच्या खोलीत खुर्च्या सरकल्याचा आवाज येत होता. मी फोन दुसऱ्या कानाला घेतला. बाबा काय म्हणाले असते, याचा विचार करावाच लागला नाही.

“फोन उचलल्या उचलल्या म्हणाले,” मी सांगायला लागले, “आज बरी आठवण झाली तुला माझी.”